फ्रिजचं दार आणि आतला माणूस

नव्या जागेत फ्रिज कोपऱ्यात लावला आणि दार भिंतीला अडायला लागलं, की आपण मेकॅनिकला बोलावतो. बऱ्याच मॉडेलमध्ये तो उजवीकडच्या बिजागऱ्या काढून डावीकडे बसवतो आणि दार दुसऱ्या बाजूनं उघडायला लागतं. हे काम इतकं सोपं कसं झालं, ते आज आपण पाहू. या गोष्टीत लहान मुलांचे जीव गुंतलेले आहेत.

आधी जुनं दार समजून घेऊ. 1950च्या आधीच्या अमेरिकन फ्रिजना खटक्याची कडी असे. दाराच्या कडेचं रबर घट्ट दाबलं जावं आणि थंडावा टिकावा, हे तिचं काम. कडी एका बाजूला, बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला. त्यामुळे दार कुठून उघडणार हे बहुधा कारखान्यातच ठरायचं. आणि कडी उघडायची फक्त बाहेरून!

घात झाला तो इथंच. जुना फ्रिज लोक परसात नाहीतर उकिरड्यावर टाकून देत. लपाछपी खेळणारं मूल आत शिरे, दार लागे, खटका बसे. आत हवा मोजकीच, आणि जाड भिंतींतून हाक बाहेर जात नसे.

असे मृत्यू घडत राहिले, तेव्हा 2 ऑगस्ट 1956 रोजी अमेरिकेत कायदा झाला : घरगुती फ्रिजचं दार आतून सहज उघडलं पाहिजे. पण 'सहज' म्हणजे किती? दोन वर्षांच्या पोराला किती जोर लावता येतो? संशोधकांनी खास बनवलेल्या पेटीत 2 ते 5 वर्षांच्या 201 मुलांचं वागणं पाहिलं. त्यांचा अहवाल 1958 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 24 टक्के मुलांनी बाहेर पडायची धडपड केलीच नाही, किंवा अगदी थोडी केली. म्हणजे दार थोडक्या जोरानंही उघडायला हवं होतं. सरकारी नियमात मर्यादा ठरली 15 पौंडांची, म्हणजे जवळपास 7 किलोंची. 30 ऑक्टोबर 1958 नंतर बनलेल्या फ्रिजना हा नियम लागू झाला.

कायद्यानं अमुकच पद्धत वापरा असं सांगितलं नव्हतं. पण याच काळात कडेच्या रबरात चुंबकाची पट्टी आली आणि तिनं दोन्ही कामं साधली. दार घट्ट बसतं, आतून ढकललं की सुटतं. शिवाय ही पट्टी चारही बाजूंनी सारखीच धरते. कडीची बाजू असा प्रकारच उरला नाही! मग कपाटाला दोन्हीकडे बिजागऱ्यांची भोकं ठेवली की झालं.

कायदा मात्र नव्या फ्रिजपुरता होता. खटक्याचे जुने फ्रिज पुढं कित्येक वर्षं घराघरांत राहिले. म्हणून अमेरिकेत अनेक ठिकाणी नियम झाले, की फ्रिज टाकण्याआधी त्याचं दार काढा. आपल्याकडं एखादा जुना फ्रिज गच्चीवर पडून असेल, तर आपणही त्याचं दार आजच काढून ठेवू या.