नकलेने सांगितला मूळ समाधिलेखाचा काळ

ग्रीक भाषेतील आरंभीच्या ख्रिस्ती समाधिलेखांत अबर्किओसच्या लेखाला मानाचे स्थान आहे. विशेष म्हणजे या लेखात 'ख्रिस्ती' हा शब्द एकदाही येत नाही.

आजच्या तुर्कस्तानात असलेल्या प्राचीन फ्रिजिया प्रांतातील हिएरोपोलिस या लहान नगराचा अबर्किओस हा बिशप होता. वयाच्या ७२व्या वर्षी, हयातीतच त्याने आपली समाधी बांधून तिच्यावर २२ ओळींचा पद्यलेख कोरवून घेतला. आपण एका पवित्र मेंढपाळाचे शिष्य आहोत, रोमपासून युफ्रेटिसपलीकडील निसिबिसपर्यंत प्रवास केला आणि सर्वत्र मासा, भाकरी व द्राक्षारस यांनी आपले आतिथ्य झाले, असे तो सांगतो. मेंढपाळ म्हणजे येशू ख्रिस्त. माशासाठी असलेल्या 'इख्थिस' या ग्रीक शब्दाच्या पाच अक्षरांतून 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' असा अर्थ निघतो. जाणत्यांना उमगावे आणि इतरांनी पुढे जावे, अशी ही भाषा आहे.

या लेखाची संहिता अबर्किओसच्या चमत्कारांनी भरलेल्या चरित्रातून पूर्वीपासून ज्ञात होती. मात्र तिच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवत नसे. ब्रिटिश संशोधक विल्यम रॅम्से यांना याच परिसरात अलेक्झांडर नावाच्या नागरिकाचा समाधिलेख मिळाला आणि चित्र पालटले. त्याच्या सुरुवातीच्या व शेवटच्या ओळी चरित्रातील लेखाशी जुळत होत्या. पुढे १८८३ मध्ये रॅम्से यांना एका स्नानगृहाच्या भिंतीत बसवलेले अबर्किओसच्या मूळ लेखाचे दोन तुकडे सापडले.

दोघांपैकी नक्कल कोणी केली, याचे उत्तर छंदाने दिले. अबर्किओसचे नाव ओळीत चपखल बसते, तर अलेक्झांडरचे नाव घातल्याने छंद मोडतो. अलेक्झांडरच्या लेखावर स्थानिक कालगणनेतील ३०० हे वर्ष, म्हणजे इ. स. २१६, कोरलेले आहे. त्यामुळे अबर्किओसचा लेख त्याहून जुना ठरतो. ज्यांचा काळ असा निश्चितपणे सांगता येतो, अशा सर्वांत प्राचीन ख्रिस्ती लेखांत त्याची गणना होते.

तरीही वाद टळला नाही. अबर्किओस हा सिबेली देवीचा पुजारी असावा, असे मत जर्मन अभ्यासक गेरहार्ड फिकर यांनी १८९४ मध्ये मांडले. आज मात्र बहुसंख्य अभ्यासक हा लेख ख्रिस्तीच मानतात.

लेखाच्या अखेरीस एक व्यवहारी ताकीद आहे. या थडग्यात दुसऱ्या कोणाला पुरल्यास रोमच्या खजिन्यात २,००० आणि हिएरोपोलिस नगराला १,००० सुवर्णनाणी दंड भरावा लागेल, असे तीत बजावले आहे. थडगे काही टिकले नाही. लेखाचे तुकडे मात्र व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहेत. त्यांपैकी एक तुर्की सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने पोप तेरावे लिओ यांना भेट दिला होता. कवितेच्या ओळी उचलणाऱ्या अलेक्झांडरने आपल्या दगडावर वर्ष कोरले नसते, तर या तुकड्यांचे वय ठरवणे कठीण झाले असते.