सोऱ्या, शेवयायंत्र आणि हलका एक्स्ट्रूडर : भाराच्या प्रश्नाचा इतिहास

वाशीम जिल्ह्यातील घरांत चकली सोऱ्याने पाडतात व शेवया यंत्राने पाडतात. सोऱ्यात दाब देणारा हात आणि आकृती काढणारा हात एकच असल्याने सगळा भार मनगटावर येतो. शेवयायंत्र मात्र बाकाच्या कडेला आवळून बसविलेले असते. जड लोखंड जागीच राहते आणि खाली उतरणारा धागा तेवढा हातावर झेलला जातो. दोन्ही कृतींना मराठीने ‘पाडणे’ हे एकच क्रियापद योजले आहे, हे लक्षणीय होय. प्लास्टिकचा वितळलेला धागा थरावर थर पाडून वस्तू घडविणाऱ्या, टेबलावर मावणाऱ्या मुद्रणयंत्राच्या रचनाकारांपुढे याच दोन रीती उभ्या होत्या.

या मुद्रणपद्धतीच्या पेटंटसाठी स्कॉट क्रम्प यांनी अमेरिकेत 1989 मध्ये अर्ज केला. पुढे इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी 2005 मध्ये ‘रेपरॅप’ हा प्रकल्प आरंभिला. स्वतःचेच भाग घडवू शकेल असे यंत्र निर्माण करणे आणि त्याचे आराखडे सर्वांस खुले ठेवणे हा त्याचा हेतू होता. याच परंपरेत वेड यांच्या नावाने ओळखला जाणारा एक्स्ट्रूडर प्रसिद्ध झाला. 11 व 39 दात्यांची दोन चक्रे यंत्रावरच छापून घ्यावयाची, 8 मि.मी.च्या बोल्टला दाते पाडून त्याने धागा पुढे ढकलावयाचा, अशी त्याची साधी रचना होती. ती बोजड होती. नुसती मोटरच पाव किलोहून थोडी अधिक भरे. असा भार घेऊन शीर्ष वेगाने वळले की सांगाडा थरथरतो आणि वस्तूच्या कडेलगत लाटा उमटतात.

यावर पहिला उपाय शेवयायंत्राचाच निघाला. मोटर सांगाड्यावर स्थिर ठेवून धागा लांब नळीतून शीर्षाकडे धाडावयाचा. अर्नेस्ट बोडन यांनी 1896 मध्ये पेटंट घेतलेल्या, सायकलच्या ब्रेकमुळे परिचित झालेल्या तारेवरून या रीतीस ‘बोडन’ हे नाव पडले. शीर्ष हलके झाले खरे, परंतु 1.75 मि.मी.चा धागा 2 मि.मी.च्या नळीत किंचित वाकतो, दबतो, आणि मोटरची आज्ञा टोकाशी विलंबाने पोहोचते. रबरासारखा मऊ धागा तर या मार्गाने नीट ढकललाच जात नाही.

मोटर पुन्हा शीर्षावर आणावयाची तर तिला लहान करणे प्राप्त होते. ते शक्य का झाले, हे एका हिशेबाने कळते. 0.4 मि.मी. रुंद व 0.2 मि.मी. उंच रेषा सेकंदास 60 मि.मी. वेगाने काढली, तरी आत जाणारा धागा सेकंदास अवघा 2 मि.मी. सरकतो. म्हणजे मोटरला जोर हवा असतो. वेग तिच्याजवळ मुबलक असतो. दातेचक्रे हाच सौदा करून देतात. ब्रिटनच्या ई-थ्री-डी कंपनीच्या ‘टायटन’मध्ये मोटरचे 3 फेरे धागा ढकलणाऱ्या चाकाचा 1 फेरा करीत. स्वीडनच्या बॉण्डटेकने धागा दोन्ही बाजूंनी दातेरी चाकांत धरला, त्यामुळे तो एका बाजूने खरवडला जाण्याचे भय कमी झाले. 2020 च्या सुमारास आलेल्या ‘ऑर्बिटर’ने मधल्या चक्राभोवती फिरणारी लहान चक्रे योजून हे प्रमाण 7.5 वर नेले, आणि चकतीसारख्या चपट्या मोटरसह एकूण वजन सुमारे 140 ग्रॅमवर आणले.

या यशाची दुसरी बाजू रचनाकारांच्या तुलनापत्रकांत सहसा आढळत नाही. अटल नावीन्य अभियानाने 2016 पासून शाळांना प्रयोगशाळांसाठी अनुदान देण्यास आरंभ केल्यावर ही यंत्रे देशभरातील वर्गांत आली. वर्गात यंत्र सावकाश चालविले तरी चालते. तेथे ग्रॅमांपेक्षा दुरुस्तीचा प्रश्न मोठा. वेड यांच्या रचनेतील बोल्ट वाशीमच्या लोखंडी सामानाच्या दुकानात मिळू शकतो, त्याला दाते पाडण्यास एखादा कसबी कारागीर पुरतो, आणि चक्र मोडलेच तर दुसऱ्या यंत्रावर नवे छापता येते. ऑर्बिटरची बारीक पोलादी चक्रे मात्र बाहेरूनच मागवावी लागतात.