दानपत्र आणि स्वामित्व : धार-देवासच्या इतिहासाच्या निमित्ताने

दात्याचे मन उदार असले म्हणजे दान पूर्ण झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. माळव्यातील जुनी दानपत्रे वाचली म्हणजे ध्यानात येते की, देण्याच्या इच्छेइतकेच महत्त्व आपल्या पूर्वजांनी देण्याच्या अधिकाराला दिले होते. संगणकाची आज्ञावली लिहून ती सर्वांना मोकळी करून देण्याची जी रीत आज जगभर रूढ झाली आहे, तिच्यातही हाच अधिकाराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ह्या दोहोंतील नाते दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धार ही परमारांची राजधानी. भोजदेवाचा बांसवाडा येथे सापडलेला ताम्रपट विक्रम संवत् १०७६चा, म्हणजे इ. स. १०२०चा आहे. कोकणविजयाच्या पर्वानिमित्त भाइल नामक ब्राह्मणास शंभर निवर्तने भूमी दिल्याची नोंद त्यात आहे. लेखनाची शिस्त पाहण्यासारखी आहे. आरंभी सीयक, वाक्पतिराज, सिंधुराज अशी वंशावळ येते. म्हणजे दात्याचा अधिकार कोठून आला हे प्रथम सांगितले जाते. मग घेणाऱ्याची ओळख, भूमीचे ठिकाण आणि तिच्यासह दिलेले उत्पन्न. पुढील राजांनी हे दान पाळावे, अशी विनंती त्यानंतर आहे. आणि अखेर राजाच्या स्वहस्ताची खूण. परमारांच्या काही दानपत्रांत, देवांना व ब्राह्मणांना पूर्वी दिलेला भाग वगळून, अशी अटही आढळते. जे आधीच दुसऱ्याचे झाले आहे ते राजालाही पुन्हा देता येत नाही, हे तत्त्व त्या अटीत सामावले आहे.

देवासचा धडा वेगळा आहे. तुकोजी आणि जिवाजी ह्या पवार बंधूंपासून तेथे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन घराणी चालली. गाव एक, राजे दोन. इंग्रजांनी १८१८ साली तह केला तो दोन्ही राजांशी मिळून. कारण एकाच्या सहीने दुसऱ्याचा हिस्सा बांधला जात नव्हता. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. परंतु सामाईक वस्तू द्यावयाची तर सर्व हिस्सेदारांची संमती हवी, हे देवासने शिकविलेले सत्य आजही तितकेच खरे आहे.

आता वर्तमानाकडे वळू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाच्या आज्ञावलीस वाङ्मयीन कृतीचे स्थान मिळाले. तेव्हापासून आज्ञावली लिहिणारा हा कायद्याच्या दृष्टीने लेखक होय. परंतु लेखक हाच सदैव मालक असतो असे नाही. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचे पहिले स्वामित्व, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जाते. हक्क दुसऱ्यास द्यावयाचे तर ते लेखी व सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत, असे कायदा गृहीत धरतो. म्हणजे सर्व जगाला सदैव देण्याच्या भावनेने केलेले दान, दोन शब्द राहून गेल्यामुळे, पाच वर्षांत आणि एका देशात आटोपू शकते!

परदेशातील अनुभवही असाच आहे. नेटस्केप कंपनीने १९९८च्या मार्चअखेर आपल्या न्याहाळकाची मूळ आज्ञावली जगाला खुली केली. परंतु तिच्यात इतरांच्या मालकीचे जे भाग होते, त्यांपैकी ज्यांची संमती मिळाली नाही ते आधी काढून टाकावे लागले. लिनक्सच्या बाबतीत २००३ साली मालकीचा दावा न्यायालयात गेला. त्यानंतर २००४पासून प्रत्येक देणगीदाराने, हे देण्याचा मला अधिकार आहे, असे आपल्या नावानिशी नोंदविण्याची प्रथा पडली. ती नोंद म्हणजे ताम्रपटावरील स्वहस्ताचीच नवी आवृत्ती होय.

ह्या विषयाचे महत्त्व मला पटले ते आमच्या शाळेतील एका प्रसंगाने. एका तरुण शिक्षकाने एका माजी विद्यार्थ्याच्या साहाय्याने मोडी अक्षरांच्या सरावाची आज्ञावली तयार केली. ती सर्वांना खुली करावी, असे त्यांनी म्हणताच मी उत्साहाने म्हणालो, "अहो, चांगल्या कामाला कागद कशाला हवा?" ज्यांच्याकडे ती पाठविली त्यांनी तीन प्रश्न विचारले. हे काम शाळेच्या वेळेत झाले काय? सहलेखकाची संमती आहे काय? अक्षरांची चित्रे कोठून घेतली? तिन्ही प्रश्नांनी मी निरुत्तर झालो. शाळा समितीचा ठराव करून घेतला. माजी विद्यार्थी आमचा नोकर नव्हता, त्याचा हिस्सा त्याचाच होता. त्याचे संमतिपत्र आणविले. चित्रे एका छापील पुस्तकातील निघाली. तेव्हा ती वगळून, एका परिचित घराण्याच्या जुन्या कागदांवरून, त्यांच्या लेखी परवानगीने, अक्षरे नव्याने काढविली. ह्यात चार महिने गेले. पण आज ती आज्ञावली वापरणाऱ्या कोणासही तिच्या मालकीची चिंता नाही.

आपल्या अकादमीच्या सभासदांकडे शब्दसूच्या आहेत, पाठमाला आहेत, घराण्यांची दफ्तरे आहेत. उद्या ह्यांतील पुष्कळ धन संगणकावर येईल आणि सर्वांना मिळावे अशी इच्छा होईल. ती इच्छा स्तुत्यच आहे. मात्र देण्यापूर्वी हे कोणाचे, किती जणांचे, आणि ह्यात आधी दुसऱ्याला दिलेले काही आहे काय, एवढे पाहावे आणि ते लिहून ठेवावे. भोजदेवाचे राज्य गेले, राजधानीचे वैभवही गेले; परंतु त्याच्या दानाची वाच्यता सहस्र वर्षांनंतरही शाबूत आहे, कारण देताना त्याने ते नीट लिहून दिले होते.