जेजुरीची शपथ आणि हरवलेला नातू

तारीख १४ सप्टेंबर १७५२. स्थळ जेजुरीचा खंडोबा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या महाराणी ताराबाई आणि नानासाहेब पेशवे देवासमोर उभे आहेत. दोघांत सलोखा ठरला आहे आणि त्यासाठी शपथा व्हायच्या आहेत. त्या शपथेत ताराबाई एक वाक्य उच्चारतात: साताऱ्याच्या गादीवर असलेला रामराजा माझा नातू नव्हे, तो गोंधळ्याचा पोर आहे.

जेजुरीच्या परिसरातून वाहणारी कऱ्हा पुढे बारामतीला जाते. त्या नदीकाठच्या गावागावांतून ही बातमी कशी फिरली असेल, याची कल्पना करून पाहा. कारण याच ताराबाईंनी तीन वर्षांपूर्वी नेमके उलटे शपथेवर सांगितले होते.

आता थोडे मागे जाऊ.

१७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. राजारामांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांनी ताराबाई आणि त्यांचा मुलगा दुसरा शिवाजी यांना कैदेत टाकून आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवले. १७२६ च्या सुमारास शिवाजी कैदेतच वारला. त्याला एक मुलगा झाला होता, सवतीच्या पक्षाकडून त्याच्या जिवाला धोका होता, म्हणून आपण त्याला गुपचूप बाहेर काढले आणि एका रजपूत शिपायाच्या बायकोने त्याला वाढवले, असे ताराबाईंचे म्हणणे.

हे त्यांनी जगाला सांगितले ते मात्र वीसएक वर्षांनी, शाहू महाराजांचा अंतकाळ जवळ आल्यावर. महाराजांना पुत्र नव्हता, दत्तकाचा प्रश्न होता, आणि नेमक्या त्याच वेळी हरवलेला वारस सापडला. संशय यायला एवढे पुरेसे होते. शाहूंच्या राणी सकवारबाई यांनी मुलाला उघडपणे तोतया ठरवले. दरबारात प्रत्येकाचे हितसंबंध गुंतलेले होते. पेशवेपदाचेच पाहा ना: १७४० मध्ये बाजीराव वारल्यावर रघूजी भोसल्यांनी त्या पदासाठी बारामतीच्या बाबूजी नाईकांचे नाव पुढे रेटले होते. जिथे पेशवा कोण यावर एवढी चुरस, तिथे छत्रपती कोण यावर किती कुजबुज झाली असेल!

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निवर्तले. सकवारबाई सती गेल्या. त्यामागे पेशव्यांच्या पक्षाचा दबाव होता, असे ग्रँट डफ लिहितो. रामराजाला तोतया म्हणणारा सर्वांत मोठा आवाज असा चितेवर शांत झाला.

मग बार्शीजवळच्या पानगावाहून रामराजाला आणले गेले. लोकांच्या मनातील किंतु कसा काढायचा? डफने दिलेली हकिकत अशी की ताराबाई सैन्यासमोर त्याच्याबरोबर जेवल्या आणि त्या अन्नाची शपथ घेऊन म्हणाल्या, हा माझा नातू. आज आपल्याला हे विचित्र वाटेल, पण त्या काळी याहून मोठा पुरावा नव्हता. जातीबाहेरच्या पोराबरोबर अन्न घेणे म्हणजे परलोकाची जोखीम. ती जोखीम राजघराण्यातील वृद्ध स्त्री सर्वांसमक्ष घेत होती. ४ जानेवारी १७५० रोजी रामराजाला राज्याभिषेक झाला.

ताराबाईंचा हिशेब असा की नातू गादीवर आणि कारभार आपल्या हाती. रामराजा मात्र पेशव्यांच्या बाजूला झुकला. सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्यास झालेल्या कराराने खरी सत्ता पेशव्यांकडेच गेली. २४ नोव्हेंबरला, पेशवे निजामाच्या मोहिमेवर असताना, ताराबाईंनी नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि कैद केले. पेशव्यांविरुद्ध उभे राहायला तो तयार नव्हता. तेव्हा त्या संतापून म्हणाल्या की हा थोरल्या शिवाजींचा वंशज नाहीच. मी पहिल्यांदा ज्या घरी मूल लपवले, त्या घरीच ते बदलले गेले. याला मान्यता दिल्याचे प्रायश्चित्त मी कृष्णाकाठी घेईन.

(गोंधळी म्हणजे भवानीचा गोंधळ घालणारे, भोसल्यांच्या कुलदैवताचेच सेवेकरी. इथे तो शब्द शिवीसारखा वापरला गेला, यावरून त्या दरबाराची जातीकडे पाहण्याची नजर कळते.)

वाचकहो, या ‘मूल बदलले गेले’ शब्दांकडे नीट पाहा. ते खरे मानले तर प्रश्न मिटत नाही, उलट सुरू होतो. मग खरे मूल कुठे गेले? मेले, की कुठल्या तरी गावात आपले कूळ ठाऊक नसताना नांगर धरून जगले? ताराबाईंनी खऱ्या नातवाचा पुन्हा शोध घेतल्याचे दिसत नाही. माझ्या मते दुसरी शपथ पहिलीपेक्षा दुबळी ठरते ती इथेच. ज्या आजीचा नातू खरोखर बदलला गेला आहे, ती त्याला शोधल्यावाचून राहील का? अर्थात पहिल्या शपथेतही स्वार्थ होताच. मूल जगापासून लपवून ठेवल्यामुळे साक्षीदार मोजकेच, आणि निर्णायक साक्ष ज्या बाईची, तिचाच त्या साक्षीत लाभ.

युरोपातही अशी प्रकरणे घडली. १४८३ मध्ये लंडनच्या किल्ल्यातून इंग्लंडचे दोन राजपुत्र नाहीसे झाले आणि पुढे पर्किन वॉरबेक ‘मीच तो धाकटा’ म्हणत उभा राहिला. १४९९ मध्ये त्याला फाशी झाली. आपल्याकडे पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, त्याला १७७६ मध्ये देहान्त शिक्षा मिळाली. रामराजाचे वेगळेपण असे की त्याने स्वतः कधी दावा केलाच नाही. त्याला वारस ठरवले ते आजीने, आणि तोतया ठरवले तेही आजीनेच.

पेशव्यांनी जेजुरीची शपथ ऐकली, पण छत्रपती म्हणून रामराजालाच मानत राहिले. तो त्यांच्या सोयीचा होता. इकडे ताराबाईंनी त्याला सोडले नाही. १७६१ च्या डिसेंबरात त्या वारल्या, तेव्हाही तो किल्ल्यावर कैदेतच होता. पुढे माधवराव पेशव्यांनी त्याला साताऱ्यात खाली राहण्याची मोकळीक दिली; मोकळीक म्हणजे तीही नजरकैदच.

९ डिसेंबर १७७७ रोजी रामराजा वारला. त्याआधी दत्तक घेतलेला मुलगा वावीच्या त्रिंबकजी भोसल्यांचा, विठोजी भोसल्यांच्या वंशातला. हे विठोजी म्हणजे इंदापूरच्या लढाईत पडलेल्या मालोजीराजांचे सख्खे भाऊ. रामराजा खरा असो वा खोटा, साताऱ्याच्या गादीवरचा थेट वंश तिथे थांबला. त्या गादीवर ‘दुसरा शाहू’ या नावाने बसलेल्या मुलाचा बाप मात्र वावीत सर्वांच्या ओळखीचा होता.