भूत कुणाचं, घर कुणाचं?

भुताची गोष्ट म्हटली की आपल्याला वेताळपंचविशी आठवते. मसणवट, झाडाला लटकलेलं प्रेत, ते खांद्यावर घेऊन निघालेला विक्रम. पण हा वेताळ कोडी घालतो, राजाची न्यायबुद्धी पारखतो आणि शेवटी कपटी योग्यापासून त्याला सावधही करतो.

आता होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ पाहा. ती १७६४च्या डिसेंबरात निघाली. १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने तिला ‘गॉथिक कथा’ म्हटलं आणि पुढे त्या साहित्यप्रकारालाच ते नाव पडलं.

इथे स्मशान नाही, लग्नघर आहे. नवरदेवाच्या अंगावर प्रचंड शिरस्त्राण कोसळतं आणि तो चिरडून मरतो. का? तर त्याच्या पणजोबाने धन्याला विष देऊन हा किल्ला बळकावला होता.

विक्रम भीतीला भेटायला घराबाहेर जातो. नवरदेवाचा बाप मॅनफ्रेड मात्र भीतीच्याच घरात राहतो, कारण ती वारशाने आलेली आहे. गॉथिक कथेत भुताइतकीच वास्तू बोलते, ती यामुळेच. वेताळाच्या कोड्यांना बुद्धीने उत्तर देता येतं. ‘हे घर खरं कुणाचं?’ या प्रश्नावर मॅनफ्रेडला शेवटी राज्यच सोडावं लागतं.