बाराव्या आठवड्याआधी

लंडन, 1774. शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांचा नवा ग्रंथ तुमच्यासमोर आहे. एवढा मोठा, की टेबलावर पसरूनच पाहावा लागतो. गरोदर गर्भाशयाची 34 चित्रं आहेत, बरीचशी यान व्हॅन रिम्सडाइक या चित्रकाराची. गर्भाशयातून वारेकडे जाणाऱ्या आईच्या धमन्यांपाशी तुमचं बोट थांबतं. त्या सरळ नाहीत, वेटोळ्या आहेत. मृत स्त्रियांच्या रक्तवाहिन्यांत मेण भरून हंटर आणि त्यांच्या भावाने दाखवलं, की आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. ज्या बायकांच्या देहांवर हे ज्ञान उभं राहिलं, त्यांची नावं मात्र पानांवर शोधून सापडत नाहीत. पान मिटण्याआधी त्यांच्यासाठी क्षणभर थांबा.

आता तुमच्या स्वतःच्या काळात या. तुमच्या जन्माला अजून सात महिने आहेत. आईच्या शेवटच्या पाळीपासून आठवा आठवडा चालू आहे आणि तुमची लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर आहे.

तुम्ही ज्या पिशवीत आहात तिच्या बाहेरून, सर्व बाजूंनी, झुपकेदार अंकुर फुटलेले आहेत. हीच वारेची सुरुवात. पण आईचं रक्त अजून इथवर पोचत नाही. हंटर यांच्या चित्रातल्या त्या वेटोळ्या धमन्यांची तोंडं वारेच्याच पेशींनी बुचं बसवावीत तशी बंद केली आहेत. फटींतून झिरपतो तो पातळ द्रव. अन्न येतं ते गर्भाशयाच्या अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावातून. ऑक्सिजन फार थोडा आहे, पाऱ्याच्या 20 मिलिमीटरपेक्षाही कमी दाबाचा.

तुम्हाला गुदमरल्यासारखं होत नाही, उलट हीच तुमची सुरक्षितता आहे. ऑक्सिजन वापरताना पेशींत काही अतिशय आक्रमक रेणू तयार होतात. ते प्रथिनं, चरबी, अगदी डीएनएसुद्धा खराब करतात. त्यांना आवरणारी विकरं पुरेशी नसतील तर पेशींवर जो भार येतो, तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. तुमचं हृदय, मेंदू, हातपाय याच आठवड्यांत घडत आहेत, आणि वारेच्या बाहेरच्या थरात ती विकरं अजून तुटपुंजी आहेत.

अंकुरांच्या आत डोकावून पाहा. पाचव्या आठवड्याच्या सुमारास इथल्या काही पेशी एकत्र येऊन दोऱ्यांसारख्या ओळी धरू लागल्या होत्या. मग त्या ओळी आतून पोकळ झाल्या आणि एकमेकींना जोडल्या गेल्या. त्या तुमच्या पहिल्या केशवाहिन्या. ऑक्सिजन कमी असला की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जास्त बनवतात, आणि ते नव्या रक्तवाहिन्यांना फुटवे आणतं. टंचाईतच हे जाळं विणलं जातं.

दहावा आठवडा सरतो. बुचं सैल होऊ लागतात, तीही आधी कडेची. आईचं रक्त आत शिरतं आणि अंकुरांना थेट भिडतं. बाराव्या आठवड्यापर्यंत ऑक्सिजनचा दाब 50 मिलिमीटरच्या वर गेलेला असतो. कडेच्या अंकुरांना हा मारा सोसत नाही. त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या आटतात, अंकुर झडतात आणि मागे गुळगुळीत पडदा उरतो. मधले अंकुर तोवर कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज अशी संरक्षक विकरं वाढवतात आणि टिकतात. जन्मानंतर दाईच्या हातात येणारी, अर्ध्या किलोची ती चपटी गोल वार म्हणजे या टिकलेल्या अंकुरांचा विस्तार. ठरल्या वेळी आलेल्या ताणानेच तिला आकार दिला.

हे आकडे ज्या स्त्रियांमुळे कळले, त्यांना विसरू नका. एरिक जॉनियो, ग्रॅहम बर्टन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली ही मापं प्रसिद्ध केली. ती संमतीने गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रियांमध्ये, अल्ट्रासाउंडवर पाहत घेतलेली होती.

बुचं फार लवकर, सगळीकडून सुटली तर गर्भपात होऊ शकतो. गर्भ टिकला तरी धोका संपत नाही. 1967 सालच्या मायक्रोस्कोपखाली पाहा. ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन या संशोधकांना दिसलं, की निरोगी गरोदरपणात वेटोळ्या धमन्यांचा स्नायूंचा थर जातो आणि त्या सैल, रुंद होतात. प्रीएक्लॅम्पसिया या गरोदरपणात बीपी वाढवणाऱ्या आजारात हा बदल अर्धवट राहतो, असं त्यांनी 1972 मध्ये सांगितलं. रुंद पाटातून वाफ्यात संथ शिरणारं पाणी रोपांना पोसतं. तेच अरुंद नळीतून जोरात सोडलं तर मुळं उघडी पडतात. वारेचं तसंच होतं. शिवाय अरुंद धमनी मधूनच आवळते, मधूनच सुटते. ऑक्सिजनच्या या चढउतारात ताण पुन्हा पेटतो, आणि या वेळी तो अवेळी असतो.

मग वार आईच्या रक्तात एक प्रथिन जास्त प्रमाणात सोडते, एसफ्ल्ट-1. रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारं व्हीईजीएफ ते अडवून धरतं. बॉस्टनमध्ये अनंत करुमांची यांच्या गटाने 2003 मध्ये हे दाखवलं. आईचं बीपी चढतं आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागतं ते पुढे, बहुतेकदा शेवटच्या तीन महिन्यांत.

ताण आहे तर त्यावर उतारा द्यावा, असं कुणालाही वाटेल. ब्रिटनमध्ये 2,410 जोखमीच्या गरोदर स्त्रियांवर क आणि ई या अँटीऑक्सिडंट जीवनसत्त्वांची चाचणी झाली. 2006 मध्ये निकाल आला: प्रीएक्लॅम्पसिया कमी झाला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. म्हणून ‘अँटीऑक्सिडंट’ लिहिलेली बाटली दिसली की मला काळजी वाटते. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र जास्त जोखमीच्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर, 37 आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लॅम्पसिया 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला.

तेव्हा घरात कुणाला दिवस गेले असतील तर तीन महिने उलटायची वाट पाहू नका. बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवा. बीपी मोजून घ्या. आधीच्या खेपेला बीपी वाढलं होतं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, आणि अ‍ॅस्पिरिनची गरज आहे का ते त्यांनाच ठरवू द्या.