चोरीला गेलेल्या फिती आणि 'अमेरिकन इडियट'

पंक संगीत म्हटलं की आमच्या पिढीतल्या बहुतेकांच्या कपाळावर आठ्या येतात. तीन-चार कॉर्ड, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, जोरजोरात ओरडायचं, की संपलं! न्यूयॉर्कच्या रमोन्सनी १९७६ साली पहिला अल्बम काढला तेव्हापासून हा साचा जवळजवळ ठरलेला. त्यात गुणगुणता येईल अशी गोड चाल मिसळली की झालं पॉप-पंक. मार्च २०२५ मध्ये मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर 'ग्रीन डे' हा बँड वाजवून गेला. नातू ऐकून आला आणि घरात आठवडाभर दुसरा विषय नाही. म्हणून मी त्यांचा इतिहास वाचायला घेतला (मास्तरकीची खोड, दुसरं काय!) आणि २००४ सालापाशी येऊन थांबलो.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडच्या साध्या वस्त्यांमधली ही पोरं. बिली जो आर्मस्ट्राँग आणि माईक डर्न्ट यांनी १९८७ साली बँड सुरू केला तेव्हा दोघे पंधरा वर्षांचे होते. ड्रम वाजवणारा ट्रे कूल १९९० साली आला. बर्कलीतलं ९२४, गिलमन स्ट्रीट हे त्यांचं माहेर. स्वयंसेवकांनी चालवलेली जागा, दारूला मनाई, लहान-थोर सगळ्यांना प्रवेश. आणि एक कडक नियम, मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवता यायचं नाही. ग्रीन डेने तो करार केला, १९९४ साली 'डूकी' आला, एकट्या अमेरिकेत कोटीच्या वर खपला आणि गिलमनचं दार बंद झालं. प्रसिद्धीची ही किंमत बिली जोला पुढे बरीच वर्षं सलत होती.

मग ओहोटी लागली. २००० सालचा 'वॉर्निंग' फारसा चालला नाही. नवी पोरं हेच संगीत वाजवून पुढे निघून गेली. माहेर तुटलेलं, बाजारही पाठ फिरवू लागलेला, म्हणजे न घरचे न घाटचे. त्यात दुष्काळात तेरावा महिना! २००३ साली जवळपास तयार झालेल्या नव्या अल्बमच्या मूळ फिती स्टुडिओतून चोरीला गेल्या. तीच गाणी पुन्हा वाजवून ध्वनिमुद्रित करणं अवघड नव्हतं. पण निर्माता रॉब कव्हॅलोशी बोलताना खरा प्रश्न समोर आला, ही आपली सर्वोत्तम गाणी होती का? उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी कोरी पाटी घेतली.

पुढची गंमत मला फार आवडली. माईक एकदा स्टुडिओत एकटाच होता, त्याने अर्ध्या मिनिटाचं एक गाणं करून ठेवलं. बाकीच्यांनी त्याला आपापले तुकडे जोडले. अंताक्षरीसारखा खेळच तो! त्यातून पाच भागांचं, नऊ मिनिटांचं 'होमकमिंग' उभं राहिलं. 'जीझस ऑफ सबर्बिया' हेही तसंच लांबलचक. अडीच मिनिटांच्या पोरांनी द हूच्या १९६९ सालच्या 'टॉमी'सारखी सलग कथा सांगायला घेतली. उपनगरातला एक कंटाळलेला मुलगा, शहरात पळून जाणं, आणि मागे टीव्हीवर सतत चाललेलं युद्ध.

युद्धाचं सांगायलाच हवं. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला होण्याच्या आदल्या आठवड्यांत 'डिक्सी चिक्स'च्या नॅटली मेन्सने लंडनच्या कार्यक्रमात राष्ट्राध्यक्ष आपल्याच टेक्सासचे असल्याची लाज वाटते असं म्हटलं. तेवढ्यावरून देशभरच्या रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली, लोकांनी सीड्या फोडल्या. 'अमेरिकन इडियट' आला सप्टेंबर २००४ मध्ये. मधल्या दीड वर्षात संहारक शस्त्रं काही सापडली नव्हती आणि अबू घरैबची छायाचित्रं जगाने पाहिली होती. म्हणून ग्रीन डेच्या धाडसाची फार आरती ओवाळू नये असं मला वाटतं. जोखमीचा मोठा वाटा त्या तिघींनी आधीच उचलला होता, आणि त्यांचा श्रोताच त्यांच्यावर उलटला होता. तरीही निवडणुकीच्या तोंडावर, कारकीर्द बुडू लागलेली असताना, हे बोलणं सोपं नव्हतंच. अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, अमेरिकेत त्यांचा असा पहिलाच. २००५ साली ग्रॅमी मिळालं. नोव्हेंबरची निवडणूक मात्र बुशच जिंकले.

या राजकीय अल्बममधलं एक गाणं राजकीय नाहीच. बिली जोचे वडील सप्टेंबर १९८२ मध्ये कर्करोगाने गेले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. 'वेक मी अप व्हेन सप्टेंबर एन्ड्स' लिहायला त्याला वीस वर्षं लागली. २००५ साली त्याच्या चित्रफितीत इराकला गेलेला सैनिक आला, आणि त्याच सप्टेंबरात कॅट्रिना वादळाने उद्ध्वस्त झालेल्यांसाठी लोकांनी तेच गाणं लावलं. एका पोराचं घरगुती दुःख इतक्या जणांना कसं पुरलं कोण जाणे.

२०१० साली या अल्बमचं संगीत-नाटक ब्रॉडवेवर आलं. २०२३च्या ३१ डिसेंबरला तर बिली जोने शीर्षकगीतातले शब्द टीव्हीवर ट्रम्प समर्थकांना लागू होतील असे बदलून गायले आणि नवा वाद ओढवून घेतला. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती मे २०१५ मधली गोष्ट. आगीत नुकसान झालेल्या एका प्रकाशनसंस्थेच्या आणि छापखान्याच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. जागा तीच, ९२४, गिलमन स्ट्रीट. वाजवायला ग्रीन डे होते.